वसाहतकालीन अमेरिकेतल्या पूर्वजाचा माग: १८५० पासून मागे कसं जायचं

अमेरिकेत स्थिरावलेल्या अनेक मराठी घरांत आता अशी नातवंडं आहेत, ज्यांची एक बाजू सातारा-सांगलीची आणि दुसरी व्हर्जिनिया किंवा मॅसॅच्युसेट्सची. शाळेसाठी वंशावळ मांडायला बसलं की आपल्या बाजूला चार-पाच पिढ्यांवर अडायला होतं. सुनेच्या किंवा जावयाच्या बाजूला मात्र संकेतस्थळावरची तयार झाडं एकमेकांना जोडत तासाभरात सतराव्या शतकात पोचता येतं. त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

कारण साधं आहे. १८५० पूर्वीच्या अमेरिकी कागदांत कुटुंबातल्या माणसांची यादी क्वचितच मिळते. न्यू इंग्लंडची, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांची, गावं सोडली तर जन्मनोंदीही फारशा नाहीत. बाप-लेकाचं नातं खरेदीखतं, करयाद्या, मृत्युपत्रं आणि कोर्टाच्या हुकूमवह्या यांतून सिद्ध करावं लागतं आणि त्या कामाला क्रम आहे. क्रम मोडला की दुसऱ्याच कोणाचे पणजोबा आपल्या वंशावळीत येऊन बसतात. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

टप्पा १: आधी १८५० पक्कं करा

संघराज्याची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी झाली. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय आणि जन्माचं राज्य लिहायला सुरुवात झाली ती १८५० मध्ये. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकाना आणखी पुढे, १८८० मध्ये आला. १८९० चे बहुतेक कागद नष्ट झाले आहेत. त्यामुळे १९०० वरून १८८०, मग १८७०, १८६०, १८५० असं एकेक पायरी मागे या.

फक्त आपल्या थेट पूर्वजाचीच नव्हे, त्याच्या सगळ्या भावंडांचीही माहिती गोळा करा. आपल्या माणसाच्या कागदांत वडिलांचं नाव कुठेच नसतं आणि त्याच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूच्या नोंदीत ते सहज सापडतं, हे नेहमीचं आहे.

एक तक्ता करा, पाच रकान्यांचा: तारीख, त्या वेळच्या नावासह ठिकाण, कागदावर जसं आहे तसंच नाव, कागद काय म्हणतो, आणि तो कुठे आहे (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्हा, वहीचं नाव, खंड, पान). पाचवा रकाना रिकामा असलेली ओळ पुराव्यात धरू नका. शोधून काहीच मिळालं नाही तरी तेही लिहा: कोणती वही, कोणती वर्षं, कोणत्या स्पेलिंगने पाहिली. हे टिपलं नाही तर वर्षभराने तीच वही पुन्हा उघडली जाते.

सावधान: १८५०, १८६० आणि १८७० मध्ये नातं लिहिलेलं नाही. एका छपराखालची सहा मुलं एकाच जोडप्याची असतील असं नाही. त्यांत पुतणे असतात, दुसऱ्या बायकोची पहिल्या नवऱ्यापासूनची मुलं असतात, कामाला ठेवलेली पोरंही असतात.

टप्पा २: तारखा सरळ करून घ्या

ब्रिटिश वसाहतींत १७५२ पूर्वी कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे १७३१ चा डिसेंबर संपला की १७३१ चाच जानेवारी येई. १७५२ मध्ये पंचांग बदललं: २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, ११ दिवस गळाले आणि वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागलं. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१ चा, नव्या पद्धतीने २२ फेब्रुवारी १७३२ चा. दोन्ही बरोबर.

जुन्या कागदांत जानेवारी ते २४ मार्चदरम्यानची तारीख ‘१७३१/३२’ अशी दुहेरी दिसली तर ती तशीच उतरवा. एकच वर्ष दिसलं तर स्वतःहून ‘दुरुस्त’ करू नका, शेजारी शेरा लिहा. क्वेकर पंथाचे लोक महिन्यांना नावाऐवजी क्रमांक देत. १७५२ पूर्वी त्यांचा ‘पहिला महिना’ मार्च होता, नंतर जानेवारी.

तपासा: मूल आईबापांच्या लग्नाआधी आठ महिन्यांनी जन्मलेलं दिसतंय, किंवा मृत्युपत्र ‘सिद्ध झाल्यावर’ लिहिलेलं दिसतंय? आधी पंचांग पाहा.

टप्पा ३: त्या वर्षी ती जागा कोणत्या काउंटीत होती?

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो इथे. माणूस एकाच शेतावर आयुष्यभर राहतो आणि काउंटी त्याच्या डोक्यावरून बदलत जाते. नैर्ऋत्य व्हर्जिनियात न्यू नदीकाठी राहणाऱ्या एखाद्याचं पाहा: १७७० पर्यंत त्याचे कागद ऑगस्टा काउंटीत, मग बॉटेटॉर्ट, १७७२ पासून फिनकॅसल, आणि १७७६ च्या अखेरीस फिनकॅसल काउंटीच मोडून माँटगोमेरी, वॉशिंग्टन आणि केंटकी अशा तीन झाल्या, तेव्हा माँटगोमेरी. आजच्या नकाशावरची काउंटी धरून शोधलं तर यातले सुरुवातीचे कागद दिसणारच नाहीत. काउंटी फुटली तरी जुन्या वह्या जुन्या कचेरीतच राहतात.

हाच घोळ मराठी वाचकांच्या ओळखीच्या एका माणसावरही करून पाहता येतो. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आले. त्यांचं जन्मगाव मॅसॅच्युसेट्समधलं टॉलंड, जन्मवर्ष १७८४. पण टॉलंड हे स्वतंत्र गाव झालं १८१० मध्ये. त्याआधी तो ग्रॅनव्हिल गावाचा भाग होता. आजची हॅम्पडेन काउंटीही १८१२ ची, त्यापूर्वी ती हॅम्पशायर. म्हणजे त्यांच्या लहानपणीचे कागद ‘टॉलंड, हॅम्पडेन’ खाली शोधून उपयोग नाही, ‘ग्रॅनव्हिल, हॅम्पशायर’ खाली पाहायला हवं.

राज्यंही बदलली: मेन १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्समध्ये होतं, केंटकी १७९२ पर्यंत आणि वेस्ट व्हर्जिनिया १८६३ पर्यंत व्हर्जिनियात. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने काउंट्यांच्या ऐतिहासिक सीमांचा मोफत ऑनलाइन नकाशासंग्रह केला आहे. त्यात तारीख टाकून सीमा पाहता येतात. आपल्या माणसाच्या आयुष्यातलं प्रत्येक दशक त्यावर तपासा आणि तक्त्याशेजारी ‘या वर्षी ही काउंटी’ अशी पट्टी लिहून ठेवा.

कागद कोणत्या पातळीवर ठेवले जात, हेही आताच बघा. दक्षिणेत बहुतेक सगळं काउंटी कोर्टात. न्यू इंग्लंडमध्ये जन्म-लग्न-मृत्यू गावाच्या कारकुनाकडे. जमिनीची खतं मात्र कनेटिकट, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँटमध्ये गावपातळीवर, तर मॅसॅच्युसेट्समध्ये काउंटीपातळीवर. प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्र सिद्ध करण्याच्या आणि वारशाच्या कोर्टकामासाठी, कनेटिकटमध्ये वेगळे प्रोबेट जिल्हे आहेत.

सावधान: ‘कोर्ट जळालं, आता काही मिळणार नाही’ असं कोणी म्हटलं तर थांबू नका. व्हर्जिनियातल्या बकिंगहॅम काउंटीचं कोर्ट १८६९ मध्ये जळालं, पण करयाद्यांची एक प्रत राज्याकडे जाई, ती वाचली. जमिनीचे मूळ पट्टेही राज्याच्या दप्तरात आहेत. शिवाय शेजारच्या काउंटीत कज्जे झाले असतील तर तिथे साक्षी-जबान्या असतात.

टप्पा ४: १७९० ते १८४० च्या जनगणनेतून घराचा साचा काढा

या सहा जनगणनांत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बाकीचे सगळे वयोगटांच्या रकान्यांतले आकडे. तरीही हे कागद मोलाचे आहेत, फक्त एकेकटे न वाचता एकाखाली एक मांडून वाचायचे.

१७९० मध्ये गोरे पुरुष १६ वर्षांवरचे आणि खालचे असे दोन गट, गोऱ्या स्त्रिया सरसकट एका रकान्यात, नंतर इतर स्वतंत्र माणसं आणि गुलाम. १८०० आणि १८१० मध्ये स्त्री-पुरुष दोघांसाठी पाच गट: १० खालचे, १० ते १५, १६ ते २५, २६ ते ४४, ४५ आणि वर. १८३० आणि १८४० मध्ये वीस वर्षांपर्यंत पाच-पाच वर्षांचे गट, पुढे दहा-दहांचे. १८४० च्या यादीत क्रांतियुद्धाच्या, म्हणजे ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या, पेन्शनरांची नावं आणि वयंही आहेत.

कागदावर प्रत्येक जनगणनेचा एक उभा स्तंभ आखा. डावीकडे तुम्हाला माहीत असलेली माणसं लिहा आणि प्रत्येकाला त्याच्या वयाच्या गटात बसवत जा. १८१० मध्ये १० खालचा मुलगा १८२० मध्ये १० ते १९ च्या दरम्यान यायलाच हवा. जो आकडा कोणाच्याही नावावर बसत नाही, तो तुमचा पुढचा प्रश्न.

१८२० मध्ये एक खाच आहे. पुरुषांसाठी ‘१६ ते १८’ आणि ‘१६ ते २६’ असे दोन रकाने आहेत आणि पहिल्यातली मुलं दुसऱ्यातही पुन्हा मोजलेली आहेत. सगळ्या रकान्यांची बेरीज केली तर घरात नसलेला एक मुलगा वाढतो. कित्येक वंशावळींत असा मुलगा नावासकट सापडतो!

१७९० चे डेलावेअर, जॉर्जिया, न्यू जर्सी आणि व्हर्जिनियाचे, तसंच पुढे केंटकी व टेनेसी झालेल्या प्रदेशांचे कागद उरलेले नाहीत. ‘व्हर्जिनियाची १७९० ची जनगणना’ म्हणून छापलेली यादी प्रत्यक्षात १७८२ ते १७८५ च्या करयाद्यांवरून बनवलेली आहे. तिच्यातल्या नोंदीला १७९० हे वर्ष देऊ नका.

टप्पा ५: मृत्युपत्र सापडलं तरी तेवढ्यावर थांबू नका

मृत्युपत्राच्या छापील सारांशावर विसंबणं ही फार जुनी खोड आहे. सारांशात मुलांची नावं येतात. साक्षीदार, जामीन, जमिनीचं वर्णन आणि कारकुनाचा शेरा गळतात, आणि ओळख पटते ती बहुधा यांवरूनच.

कागदांचा क्रम असा असतो: मृत्युपत्र लिहिलं, कोर्टात साक्षीदारांनी सिद्ध केलं, व्यवस्थापकाने जामीनकतबा दिला, शेजाऱ्यांनी मालमत्तेची यादी केली, लिलाव झाला, हिशेब सादर झाले, वाटप झालं. यातला प्रत्येक कागद वेगळ्या वहीत असू शकतो आणि वाटप कधीकधी दहा-पंधरा वर्षांनी होतं, धाकटं मूल सज्ञान झाल्यावर. त्यामुळे मृत्यूनंतरची किमान वीस वर्षं चाळा. मृत्यूची तारीख अनेकदा कुठेच नसते. मृत्युपत्र लिहिल्याचा आणि ते सिद्ध झाल्याचा दिवस यांच्या मधे कधीतरी, एवढंच लिहा.

या कागदांतले काही शब्द आजच्या अर्थाने वाचले की गोंधळ होतो:

- कायद्याच्या भाषेत ‘इन्फंट’ म्हणजे २१ वर्षांखालचा, तान्हं मूल नव्हे.
- ‘ऑर्फन’ म्हणजे बाप वारलेला. आई हयात असू शकते.
- ‘सन-इन-लॉ’ जावई असेल, तसाच सावत्र मुलगाही असेल. ‘कझिन’ पुतण्या किंवा भाचा असू शकतो.
- ‘माय नाउ वाइफ’ या शब्दांवरून आधीची बायको होती असं ठरत नाही. वाटा आताच्या बायकोला, पुढे होऊ शकणाऱ्या बायकोला नाही, एवढंच वकिलाला पक्कं करायचं असे.
- ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ बापलेकच असतील असं नाही. एकाच गावातले त्याच नावाचे दोघे, थोरला आणि धाकटा, एवढाच अर्थ. थोरला मेला की कालचा ज्युनियर आज सीनियर होतो.

मुलाला एकच शिलिंग ठेवला म्हणजे त्याच्यावर राग होता असंही समजू नका. लग्नात किंवा जमीन देताना त्याचा वाटा आधीच दिलेला असे. याच कारणाने थोरल्या मुलांची नावं मृत्युपत्रात कधीकधी मुळीच येत नाहीत.

स्त्रियांच्या नावांवर विशेष लक्ष ठेवा. पॉली म्हणजे मेरी, सॅली म्हणजे सारा, पॅट्सी म्हणजे मार्था, नॅन्सी बहुधा ॲन. विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीवाचून सहसा मृत्युपत्र करता येत नसे. म्हणून तिचा शोध तिच्या बापाच्या, भावांच्या आणि अविवाहित आत्या-मावशांच्या मृत्युपत्रांत घ्यायचा.

टप्पा ६: जमीन. या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या

वसाहतींत जमीन मुबलक होती आणि बऱ्याच जणांच्या हाती थोडीतरी येई. जमिनीला कागद लागतो, म्हणून ज्याचा दुसरा कसलाही कागद नाही त्याचं खत मिळण्याची शक्यता असते. अडचण एवढीच की त्या काळच्या अमेरिकेत सातबारासारखा एका जागेचा एका ठिकाणी चालणारा उतारा नाही. प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे नोंदलेला. साखळी तुम्हीच जुळवायची.

प्रत्येक काउंटीत दोन सूच्या असतात, देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची. आपल्या आडनावाच्या सगळ्या नोंदी दोन्हींमधून उतरवा, आपल्या माणसाच्याच नाही. मग प्रत्येक तुकड्याचा जमाखर्च मांडा: आला कसा, गेला कसा.

विकलेली जमीन विकत घेतल्याची नोंदच नसेल तर ती बहुधा वारशाने आली, आणि इथेच बापाचा पत्ता लागतो. व्हर्जिनियात १७८७ पूर्वी मृत्युपत्र न करता बाप वारला तर सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जाई, कसलंही खत न होता. मॅसॅच्युसेट्समध्ये सगळ्या मुलांना वाटा मिळे, थोरल्याला दुप्पट. म्हणजे एकच रिकामी जागा दोन वसाहतींत दोन गोष्टी सांगते. बाप कोण हे ठरवण्याआधी त्या वसाहतीचा त्या वर्षीचा वारसा कायदा वाचा.

सगळ्या वारसांनी मिळून केलेलं विक्रीखत हा सर्वांत मोलाचा कागद. त्यात भाऊ, बहिणी, बहिणींचे नवरे आणि ते तेव्हा कुठे राहतात हे सगळं येतं. सूचीत मात्र ते पहिल्या सहीवाल्याच्या नावाखालीच असतं. तो जावई असेल तर आडनाव वेगळं, म्हणून ते नजरेतून सुटतं.

विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्यावर हयातभर हक्क असे. तो सोडण्यासाठी अनेक वसाहतींत बायकोची नवऱ्याच्या माघारी वेगळी जबानी घेत. खतात नवरा एकटाच सही करतो, पण पुढच्या पानावर किंवा हुकूमवहीत बायकोचं नाव येतं. ते पान उलटायला विसरू नका.

आता चतुःसीमा. मूळच्या तेरा राज्यांत आणि त्यांतून निघालेल्या राज्यांत जमीन झाडं, दगड, ओढे आणि शेजाऱ्यांच्या हद्दी सांगून मोजलेली आहे. ‘पांढऱ्या ओकपासून उत्तर ४५ पूर्व, ८० पोल, स्मिथच्या हद्दीपर्यंत’ अशी. पोल, रॉड आणि पर्च ही एकाच मापाची नावं: साडेसोळा फूट. चार पोल म्हणजे एक साखळी, ६६ फूट. १६० चौरस पोलांचा एक एकर. आलेखकागदावर १ सेंटिमीटरला २० पोल हे प्रमाण घ्या, कोनमापकाने उत्तरेपासून पूर्वेकडे ४५ अंश वळा, ४ सेंटिमीटरची रेघ ओढा आणि पुढच्या खुणेवर जा. शेवटची रेघ पहिल्या बिंदूवर मिटली पाहिजे. थोडी फट राहिली तर चालेल. मोठी राहिली तर कारकुनाने नक्कल करताना एखादी बाजू गाळली आहे किंवा तुम्ही पूर्व-पश्चिम उलटं वाचलं आहे. आयत असेल तर पडताळा सोपा: १०० पोल बाय १६० पोल म्हणजे १६,००० चौरस पोल, म्हणजे १०० एकर.

शेजाऱ्यांचे तुकडेही असेच काढा आणि कापून एकमेकांना लावून बघा. हे काम किचकट आहे, पण यातून जे मिळतं ते दुसऱ्या कशातून मिळत नाही. शेजारी म्हणजे सासरची माणसं, साक्षीदार, पुढे केंटकीला सोबत गेलेली कुटुंबं. तुमच्या माणसाचा माग तुटला तर त्याच्या शेजाऱ्याचा माग धरा.

ओहायो आणि त्यापुढच्या सार्वजनिक जमिनींवर १७८५ च्या कायद्याने चौकोनी मोजणी आली: ६ मैल बाय ६ मैलांचं टाउनशिप, त्यात ६४० एकरांचे ३६ विभाग. तिथले संघराज्याचे पट्टे भू-व्यवस्थापन खात्याच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात.

सावधान: नोंदवहीतलं खत ही कारकुनाच्या हातची नक्कल आहे, त्यामुळे तिथली ‘सही’ तुमच्या पूर्वजाची नाही. अक्षर जुळवायचं असेल तर सुटे मूळ कागद शोधा. आणि नोंदणीची तारीख म्हणजे व्यवहाराची तारीख नव्हे, मधे वर्षंही गेलेली असतात.

सावधान: सतराव्या शतकातल्या व्हर्जिनियात एक माणूस आणला की ५० एकरांचा हक्क मिळे. त्या पट्ट्यांतल्या नावांवरून येण्याचं वर्ष ठरवू नका. हक्क विकले जात, वर्षांनी वापरले जात, एकाच माणसावर दोनदाही घेतले जात.

टप्पा ७: करयाद्या वर्षागणिक वाचा

एखादं वर्ष काढून नाव बघायचं आणि पुढे जायचं, असं करू नका. व्हर्जिनियात जमीन आणि चीजवस्तू यांच्या करयाद्या १७८२ पासून जवळपास दरवर्षीच्या आहेत. त्या सलग उतरवा: पुरुष किती, घोडे किती, गुरं किती, एकर किती. मुलगा १६ वर्षांचा झाला की बापाच्या नावापुढचा आकडा वाढतो आणि २१ झाला की बहुधा स्वतःच्या नावाने येतो. बाप मेला की त्या जागी विधवेचं नाव किंवा ‘अमक्याची इस्टेट’ दिसते. पन्नास वर्षांच्या याद्या एकाखाली एक आल्या की मुलांची वयं आपोआप दिसू लागतात.

याद्या अनेकदा आद्याक्षराप्रमाणे पुन्हा लिहिलेल्या असतात, त्यामुळे लागून आलेली नावं शेजाऱ्यांची असतीलच असं नाही. तारखेचा रकाना असेल तर तो पाहा: एकाच दिवशी नोंदलेले बहुधा एकाच वाटेवरचे.

न्यू इंग्लंडमध्ये याच्या जोडीला गावाच्या ‘वॉर्निंग आउट’च्या नोंदी आहेत. नव्याने आलेल्या कुटुंबाचा पोसण्याचा भार गावावर पडू नये म्हणून दिलेली ती नोटीस. त्यात आधीचं गाव आणि पुष्कळदा बायकामुलांची नावं असतात.

टप्पा ८: लग्न, चर्च, बोट

लग्नाचा जामीनकतबा म्हणजे लग्नाचा पुरावा नाही. लग्न करायचा इरादा आणि त्याला कायद्याची हरकत नाही याची ती हमी. तारीख ‘कतबा’ म्हणूनच लिहा. जामीन राहणारा पुष्कळदा वधूचा बाप किंवा भाऊ असतो. त्याचं नाव सोडू नका.

अँग्लिकन, डच रिफॉर्म्ड, जर्मन ल्यूथरन, क्वेकर यांच्या वह्या वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. क्वेकरांच्या मासिक सभांच्या नोंदी सर्वांत तपशीलवार. जागा बदलताना सभा दाखला देई, त्यावरून कुटुंबाची अख्खी वाट काढता येते. जर्मन मुलांची पहिली नावं सगळ्यांची योहान असू शकतात, हाक दुसऱ्या नावाने मारत. पाच योहान दिसले तर चार वारले असं समजू नका.

प्रवाशांच्या संघराज्यीय याद्या १८२० पासूनच्या. त्याआधीची बोट शोधण्यात उगाच महिने घालवू नका. एक मोठा अपवाद पेनसिल्व्हेनियाचा: १७२७ पासून फिलाडेल्फियात उतरणाऱ्या परकीय पुरुषांच्या, मुख्यतः जर्मनांच्या, शपथयाद्या आहेत.

टप्पा ९: क्रांतियुद्धाची पेन्शन फाइल पूर्ण वाचा

१८०० मध्ये युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि त्याआधीचे अर्ज गेले. त्यामुळे फाइल मिळेल ती मुख्यतः नंतरच्या कायद्यांखालची. १८१८ चा कायदा गरजू आणि काँटिनेंटल (वसाहतींच्या नियमित) सैन्यात किमान नऊ महिने राहिलेल्यांसाठी होता. १८२० मध्ये अर्जदारांकडून मालमत्तेची यादी मागितली, त्यात घरातल्या माणसांची नावं आणि वयं येतात. १८३२ च्या कायद्याने मिलिशियासह (स्थानिक नागरिकांच्या फौजेसह) सहा महिने सेवा केलेल्यांना पेन्शन मिळू लागली आणि अर्जदाराला जन्म कुठे व कधी, सैन्यात जाताना कुठे राहत होता, नंतर कुठे कुठे राहिला, हे सांगावं लागे. चाळीस-पन्नास वर्षांचं स्थलांतर त्याच्याच तोंडून.

फाइलवरचं ‘एस’ म्हणजे सैनिकाचा अर्ज, ‘डब्ल्यू’ विधवेचा, ‘आर’ नामंजूर. नामंजूर फाइल टाळू नका. पुरावा कमी पडला म्हणून लोक जास्त कागद जोडत. विधवांना लग्न सिद्ध करावं लागे, त्यासाठी कितीतरी जणींनी घरच्या बायबलमधली जन्म-लग्नांच्या नोंदींची पानं फाडून पाठवली. ती आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या फाइलींत आहेत.

तपासा: निवडक पानं पाहिलीत की पूर्ण फाइल? आणि हा सैनिक तुमचाच, की त्याच्या नावाचा दुसरा?

टप्पा १०: गुलामगिरीत राहिलेले पूर्वज

इथे शोधाची दिशा वेगळी आहे. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आणि खाली मुख्यतः वय, लिंग व वर्ण एवढंच असतं, गुलामांची नावं बहुधा नसतात. आपल्या नावानिशी बहुतेकांची पहिली जनगणना १८७० ची. तिथून फ्रीडमेन्स ब्यूरोचे (मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी कचेरीचे) मजुरीकरार व लग्ननोंदी आणि फ्रीडमन्स बँकेची खाती पाहा. बँकेच्या अर्जांत आईवडील, भावंडं आणि कधी पूर्वीच्या मालकाचंही नाव मिळतं.

मालक कळला की त्याच्या घराण्याचे सगळे कागद वर दिलेल्या टप्प्यांनीच तपासायचे. मालमत्तेच्या यादीत माणसांची नावं गुरांच्या शेजारी किमतीसह लिहिलेली दिसतील. वाचणं जड जातं, तरी प्रत्येक नाव उतरवा, कारण माय-लेकरं एकत्र लिहिलेली असण्याची ती एकमेव जागा असू शकते. मालकाच्या मुलींच्या सासरचे कागदही हवेत, कारण लग्नात माणसं ‘भेट’ दिली जात. मुलाची स्थिती आईवरून ठरेल हा व्हर्जिनियाचा कायदा १६६२ चा, म्हणून आईची बाजू कागदांत जास्त दिसते. आडनाव शेवटच्या मालकाचंच असेल हे गृहीत धरू नका. मुक्त झालेल्यांसाठी मुक्तीची खतं आणि व्हर्जिनियातल्या १७९३ नंतरच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या नोंदवह्या पाहा.

मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या कोर्टकागदांत ‘ईस्ट इंडियन’ म्हणून नोंदलेले नोकर आणि गुलामही भेटतात. आपल्याकडच्या समुद्रकाठांवरून लंडनमार्गे तिकडे पोचलेली ती माणसं असू शकतात. पुढच्या पिढीत त्यांच्याच मुलांना ‘निग्रो’ किंवा ‘मुलाटो’ (मिश्र वंशाचे) लिहिलेलं असतं. नुसतं ‘इंडियन’ लिहिलं असेल तर तो बहुधा तिथला मूलनिवासी. दोन्ही मिसळू नका.

टप्पा ११: एका नावाचे दोघे वेगळे करा

नाव जुळलं, काउंटी जुळली, म्हणून माणूस जुळला असं मानण्यातूनच बहुतेक चुकीच्या वंशावळी जन्मतात. एकाच काउंटीत तीन जॉन स्मिथ असतील तर तिघांचेही कागद गोळा करा, फक्त ‘आपल्या’चे नव्हे. प्रत्येक नोंद एका चिठ्ठीवर. मग ओढ्याचं नाव, बायकोचं नाव, सही करतो की खूण, शेजारी, जामीन आणि व्यवसाय यांवरून चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावा. ज्या चिठ्ठ्या कुठेच बसत नाहीत त्या बाजूला ठेवा. जबरदस्तीने बसवू नका.

जनुकीय चाचणी इथे मर्यादित उपयोगी आहे. सात पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा आपल्या जनुकांतला वाटा सरासरी १ टक्क्याहूनही कमी, कधी शून्य. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी मात्र एकाच आडनावाची दोन घराणी वेगळी करायला चांगली.

टप्पा १२: ऑनलाइन शोधताना

फॅमिलीसर्च हे वंशावळीच्या कागदांचं संकेतस्थळ मोफत आहे. पण त्यावरचा नेहमीचा नावशोध फक्त सूची केलेल्या कागदांतच पाहतो. बरीच खतं आणि मृत्युपत्रं नुसत्या चित्रांच्या रूपात आहेत. कॅटलॉगमध्ये काउंटी निवडून वही उघडा, आधी तिच्यातली हस्तलिखित सूची बघा, मग पान. तिथला ‘फुल टेक्स्ट’ शोध यंत्राने वाचलेल्या जुन्या अक्षरांत शोधतो. साक्षीदार आणि शेजारी म्हणून आलेली नावं त्यात निघतात, जी कुठल्याच सूचीत नसतात. सापडलेलं वाक्य मात्र मूळ चित्रावरूनच उतरवा.

जुन्या लिपीतला लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो. मोठा ‘एल’ आणि ‘एस’, तसेच ‘आय’ आणि ‘जे’ एकमेकांत मिसळतात. नाव मिळालं नाही तर ही अक्षरं अदलाबदल करून बघा आणि स्वरांच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा तारा टाका. डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशनसारख्या, क्रांतियुद्धातल्या पूर्वजावरून सभासद घेणाऱ्या संस्थांचे जुने अर्ज हा सुगावा म्हणून घ्या. सुरुवातीच्या काळात पुरावे आजच्या काटेकोरपणे तपासले जात नव्हते.

पिढी पक्की झाली की तिच्यापुरता अर्धा पानभर मजकूर लिहा: हा त्याचाच मुलगा असं कोणत्या कागदांवरून म्हणतो, विरुद्ध जाणारं काय सापडलं, आणि ते का सोडलं. हे लिहून होईपर्यंत पुढच्या पिढीची वही उघडू नका. चित्र उतरवून घेताना वहीचं पहिलं पानही घ्या आणि फाइलच्या नावात काउंटी, खंड, पान आणि वर्ष टाका.